शेळी घ्यावी की लॅपटॉप?

मैत्रिणींनो, प्रश्न ऐकून हसू आलं ना? पण आमच्या मोहर्लीतल्या एका बचत गटात हा प्रश्न दोन महिने गाजला. गटात अकरा जणी. प्रत्येकीची महिन्याची बचत शंभर रुपये, म्हणजे महिन्याला अकराशे आणि वर्षाला तेरा हजार दोनशे. त्यातून अठरा-एकोणीस हजारांचा लॅपटॉप घ्यायचा म्हणजे जवळजवळ सतरा महिन्यांची बचत एका डबीत घालायची. गटातल्या सगळ्यात वडील आजी पहिल्याच बैठकीत म्हणाल्या, "तेवढ्या पैशात तीन शेळ्या येतेत. शेळी पिलं देते. हे डबडं काय देते?" त्यावर गटाची सचिव, वयाने सगळ्यात लहान, पटकन बोलली, "आजी, शेळीले बिबट नेते. ह्याले त कोनी खात नाही!" सगळ्या खो खो हसल्या. आजीही हसल्या, पण मत काही बदललं नाही त्यांचं.

मी गटाची सभासद नाही. लिहिण्या-वाचण्याच्या कामात मदत करते, अर्ज-बिर्ज भरून देते, त्यामुळे बैठकीला बसते. मत द्यायचा अधिकार मला नाही. पण "ताई, तुम्हीच एकदा वापरून पाहा आन सांगा," असं सगळ्यांनी ठरवलं. नागपूरच्या भाच्याने कॉलेजच्या दिवसांत घेतलेला छोटा लॅपटॉप महिनाभरासाठी दिला. त्या महिन्यात जे दिसलं, ते लिहिते आहे. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही. मला जाहिरातही करायची नाही आणि बदनामीही.

आधी आमचं गाव सांगते, म्हणजे 'सुटसुटीत' या शब्दाचा आमच्याकडे अर्थ काय ते कळेल. मोहर्ली हे ताडोबाच्या जंगलात शिरण्याचं मोठं प्रवेशद्वार. १९५५ साली झालेलं ताडोबा हे महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान. मुंबई-पुण्याची माणसं घरबसल्या कॉम्प्युटरवर सफारी बुक करून इथे येतात. आणि त्याच गावातल्या बाईला मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा, तर प्लास्टिकच्या पिशवीत कागद घालून भद्रावतीला नाहीतर चंद्रपूरला जावं लागतं. सर्व्हर डाऊन असला की दुसऱ्या दिवशी पुन्हा. दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. आणि अंधार पडायच्या आत परत यावं लागतं. इथे संध्याकाळचा रस्ता माणसांचा नसतो, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. शहरातली बाई 'उशीर झाला' म्हणते तेव्हा तिचा स्वयंपाक लांबतो. इथली बाई तेच म्हणते तेव्हा घरच्यांचा जीव टांगणीला लागतो.

सचिवबाईंनी गटाच्या जुन्या नोंदी काढून मोजलं. एका वर्षात अकरा घरांतून अशा चाळीस फेऱ्या झाल्या होत्या. जाण्यायेण्याचं तिकीट, फॉर्म भरण्याचे पैसे, झेरॉक्स मिळून फेरीला सरासरी दीडशे धरले, तर सहा हजार रुपये. मजुरी त्यात धरलेलीच नाही. कशाकशासाठी होत्या या फेऱ्या? शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर अर्ज. अकरावीचा प्रवेश, जो २०२५ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला. रानडुकरांनी धान तुडवलं त्याच्या भरपाईची कागदपत्रं. गटाचा बँकेकडचा कर्जप्रस्ताव. आणि दोघी जणींचं होम-स्टे आहे, त्यांचे मेल आणि पाहुण्यांची ओळखपत्रं.

"मोबाइल आहे की सगळ्यांकडे!" असं आमच्याच घरात ऐकायला मिळालं. आहे ना. पण तो खरोखर कोणाचा असतो? दिवसभर नवऱ्याच्या खिशात आणि संध्याकाळी पोराच्या हातात. शिवाय दोन पानांचा प्रस्ताव मोबाइलवर टाइप करून बघा एकदा. वरची ओळ दिसते तेव्हा खालची दिसत नाही, आणि कितीतरी सरकारी पोर्टल मोबाइलवर अर्धवटच उघडतात.

आता यंत्राकडे वळू. पडदा ११.६ इंचाचा, रॅम ४ जीबी, साठवणीची जागा ६४ जीबी. वजन 'एक किलोच्या आसपास' असं खोक्यावर लिहिलेलं. मी किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला, तर भरला एक किलो शंभर ग्रॅम. चार्जर ठेवल्यावर तेराशेच्या वर गेला. कंपनी वजन सांगते ते चार्जर सोडून, हे लक्षात ठेवा. तरीही कापडी पिशवीत घालून खांद्याला अडकवला, एस.टी.त मांडीवर ठेवला, तर ओझं वाटलं नाही. वजनाच्या परीक्षेत पास!

रॅम आणि स्टोरेज हे शब्द ऐकले की बायका मान डोलावतात आणि मनातून बाहेर पडतात, असा माझा अनुभव. म्हणून स्वयंपाकघराच्या भाषेत सांगते. रॅम म्हणजे ओटा, आणि स्टोरेज म्हणजे फडताळ. ओटा लहान असला तर एका वेळी पोळपाट आणि परात दोन्ही मावत नाहीत. एक उचलायचं, दुसरं मांडायचं, यातच वेळ जातो. ४ जीबीच्या ओट्यावर हिशेबाची एक फाइल आणि इंटरनेटची दोन पानं जेमतेम मावली. तिसरं पान उघडलं की लॅपटॉप विचारात पडायचा. आणि फडताळ? ६४ जीबी म्हणतात खरं, पण विंडोज स्वतःच त्यातली निम्म्याच्या आसपास जागा अडवून बसते. अपडेट आलं की 'जागा नाही' म्हणून अडते. शिवाय स्वस्त यंत्रात हे फडताळ 'ईएमएमसी' नावाच्या चिपचं असतं, ते मदरबोर्डवर कायमचं चिकटवलेलं. नंतर मोठं करता येत नाही. 'एसएसडी' असेल तर ती बहुतेक वेळा बदलून मोठी बसवता येते, आणि चालतेही चटाचट. दुकानात गेल्यावर एवढा एकच प्रश्न विचारलात, तरी दुकानदार समोर सरळ बसेल.

बॅटरीची गंमत ऐका. खोक्यावर 'आठ तास' लिहिलेलं. आमच्या ओसरीवर, उजेड पूर्ण वाढवून, मोबाइलच्या इंटरनेटवर काम केलं तर साडेचार तासांत लाल दिवा. आतल्या खोलीत उजेड कमी करून नुसतं टाइपिंग केलं, तर सहा तास गेले. वीज गेलेल्या दिवशीही दुपारची बैठक पार पडली, म्हणजे आमच्या कामापुरतं बरं. पण चार्जरची पिन गोल निघाली. नव्या मोबाइलसारखी टाइप-सी पिन असेल, तर योग्य ताकदीच्या पॉवर बँकेवर किंवा दुसऱ्या कोणाच्या टाइप-सी चार्जरवरही बरेच लॅपटॉप चार्ज होतात. गोल पिनचा चार्जर बिघडला, की त्याच मापाचा शोधत चंद्रपूर पालथं घालायचं.

सगळ्यात निराशा केली ती पडद्याने. ओसरीवर बसलं की पडद्यात स्वतःचा चेहरा आणि मागचं आंब्याचं झाड. अक्षरं शोधावी लागायची. स्वस्त लॅपटॉपचे पडदे अडीचशे 'निट्स' किंवा त्याहून कमी उजेडाचे असतात. साधा मोबाइलही हल्ली त्याच्या दुप्पट उजळतो.

आणि इथेच मला खैराटची आठवण येते. मैत्रिणींनो, ही गोष्ट फार जणींना माहीत नाही. जगातल्या गरीब मुलांसाठी शंभर डॉलरचा लॅपटॉप बनवायचा, ही कल्पना अमेरिकेतल्या निकोलस नेग्रोपोंटे यांनी २००५ साली मांडली. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' हे त्या प्रकल्पाचं नाव. आपल्या केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याने २००६ मध्ये त्याला नकार दिला होता. आधी शाळा आणि शिक्षक, मग यंत्रं, असा सूर होता. पण २००७ च्या शेवटच्या महिन्यांत भारतातला त्याचा पहिला प्रयोग झाला तो आपल्याच महाराष्ट्रात, रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, खैराट या डोंगरवाडीच्या शाळेत. एक शिक्षक आणि वीस-बावीस मुलं. हिरव्या-पांढऱ्या रंगाचं, दीड किलोचं, कानासारख्या दोन अँटेना असलेलं ते यंत्र मुलं घरीही नेत.

त्या यंत्राचा पडदा साडेसात इंचाचाच होता, पण भर उन्हात वाचता येई असा मुद्दाम बनवला होता. कीबोर्ड रबराचा, धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून. पंखा नाही, फिरणारी डिस्क नाही. म्हणजे खेड्यातलं अंगण डोळ्यांसमोर ठेवून कोणीतरी विचार केला होता! किंमत मात्र शंभर डॉलरवर थांबली नाही, दोनशेच्या घरात गेली. कंबोडियातल्या एका खेड्यात संध्याकाळी घरात सगळ्यात जास्त उजेड या लॅपटॉपच्या पडद्याचाच असे, असं नेग्रोपोंटे सांगत. मला ती गोष्ट ऐकून कौतुकही वाटतं आणि पोटात तुटतंही.

त्याच २००७ साली तैवानच्या आसुस कंपनीने सात इंची, किलोभराच्या आतला 'ई पीसी' काढला, आणि छोट्या-स्वस्त लॅपटॉपची लाटच आली. पुढे ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत 'आकाश' टॅब्लेट निघाला. सरकारी खरेदीची किंमत सव्वादोन हजारांच्या घरात. वर्तमानपत्रं भरून गेली होती. पण बोट दाबून दाबून चालवायचा पडदा आणि लवकर संपणारी बॅटरी यांनी लोकांचा विरस केला. त्यानंतर जुलै २०२३ मध्ये नवा जिओबुक जाहीर झाला तो १६,४९९ रुपयांना. वजन ९९० ग्रॅम, सिमकार्ड आतच घालायची सोय. फक्त एक समजून घ्या. त्यात विंडोज नाही, अँड्रॉइडवर आधारलेली त्यांची स्वतःची प्रणाली आहे. इंटरनेट, मेल, अभ्यासाचे व्हिडिओ यांना ती चालते. पण विंडोजसाठीच बनवलेला एखादा प्रोग्राम तुमच्या कामाला लागत असेल, तर तो त्यावर बसत नाही. घेण्याआधी आपलं काम कोणतं, ते लिहून काढा.

मराठीचा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांना भीती होती. इंग्रजी अक्षरं जुळवून मराठी लिहायची सोय आहेच, पण तिच्या करामती! आमच्या गावाचं नाव टाइप केलं की यंत्र 'मोहरली' करतं. वनखात्याच्या नावाने लिहिलेल्या अर्जात 'मौजे मोहरली' वाचून आम्हाला गावाला बहर आल्यासारखं वाटलं! मग मी सचिवबाईला इनस्क्रिप्ट कीबोर्ड दाखवला. तो विंडोजमध्ये फुकट असतो, नुसता सुरू करायचा. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, म्हणजे आपल्या बाराखडीच्याच चालीने. पंधरा दिवसांत ती न बघता टाइप करू लागली. बारावीनंतर शिक्षण सुटलेली मुलगी आहे ही. तिने लिहिलेलं युनिकोडमध्ये असतं, ते कुठल्याही मोबाइलवर, कुठल्याही कार्यालयात तसंच दिसतं. पूर्वी बाजारातून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून आणलेले गटाचे ठराव आता उघडले, तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली.

पण ज्यामुळे गटाचं मन वळायला लागलं, ते दुसरंच काही. सचिवबाईने हिशेबाच्या तक्त्यात सगळी कर्जं घातली. गटाचं अंतर्गत कर्ज महिना दोन टक्क्यांनी. एकीने पाच हजार घेतले होते, दहा हप्त्यांत फेडायचे. दर महिन्याला पाचशे मुद्दल परत येतं, म्हणजे व्याज उरलेल्या रकमेवर लागायला हवं. पहिल्या महिन्याला शंभर, मग नव्वद, मग ऐंशी... एकूण साडेपाचशे. वहीत मात्र सोपं पडावं म्हणून दर महिन्याला सरसकट शंभर लिहिले जात, म्हणजे एक हजार. साडेचारशे रुपये जास्त! कोणी मुद्दाम केलं नव्हतं, पहिल्यापासूनची ती पद्धतच होती. पण पडद्यावर तो आकडा दिसला तेव्हा ती बाई बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "माह्या पोराच्या वह्या-पुस्तकं झाले असते त्याच्यात." पुढच्या बैठकीत अकराही जणींची कर्जं नव्याने मांडली, आणि जास्तीचं व्याज ज्याच्या त्याच्या बचतीत जमा करायचं ठरलं.

हेही सांगायला हवं की लॅपटॉप आला म्हणजे सगळ्या फेऱ्या संपल्या असं नाही. अंगठा लावायचा असेल, दाखला काढायचा असेल, तर सेवा केंद्रात जावंच लागतं. प्रिंट काढायला पेन ड्राइव्ह घेऊन जावं लागतं. त्या महिन्यात आमच्या कामाच्या निम्म्या फेऱ्या वाचल्या असतील, त्याहून जास्त नाही. आणि लॅपटॉप घरात आला की तो घरातल्या मुलांचा सिनेमाचा डबा होतो, हे मी आमच्याच घरी पाहिलं. वापरणाऱ्यांची वेगवेगळी खाती आणि गटाच्या खात्याला पासवर्ड, हे पहिल्याच दिवशी केलं नाही, तर हिशेब उडालाच म्हणून समजा.

माझं मत मी बैठकीत मांडलं ते असं. चंद्रपूरला रोज बसने जाऊन शिकणाऱ्या मुलीला असा छोटा, हलका लॅपटॉप खुशाल घ्या. तिला खांद्यावर ओझं नको आहे, आणि तिचं काम मुख्यतः वाचायचं-लिहायचं आहे. पण गटाला तो घेऊ नका. अकरा जणी एका पडद्याकडे बघणार, ११.६ इंचात मागच्या रांगेतल्या आजींना काय दिसणार? त्याच पैशात कार्यालयांतून बदलून निघालेले, दुरुस्त करून विकले जाणारे चौदा इंची लॅपटॉप नागपूरच्या बाजारात मिळतात. वजन दीड-पावणेदोन किलो, पण ८ जीबी रॅम आणि एसएसडी.

तिथे एक मोठी मेख आहे, ती नीट वाचा. विंडोज १० चं नेहमीचं मोफत पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. विंडोज ११ जुन्या यंत्रांवर रीतसर चालत नाही. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीच्या पुढचा लागतो. पिढी ओळखायची कशी? प्रोसेसरच्या नावापुढे चार अंकी आकडा असतो. ६३०० असेल तर सहावी पिढी, ८३५० असेल तर आठवी. दुकानदार 'आय-फाइव्ह आहे ताई, एकदम भारी' एवढंच म्हणतो, पुढचा आकडा सांगत नाही. तो आपण वाचायचा. सहाव्या-सातव्या पिढीचं यंत्र फारच स्वस्त मिळत असेल, तर त्यावर लिनक्स ही फुकट प्रणाली घालता येते. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं तीच वापरत आल्या आहेत. पण गावात ती शिकवणारं कोणी आहे का, ते आधी पाहा. आमच्याकडे नव्हतं.

मतदान झालं. सात जणी बाजूने, तिघी विरोधात, एक गप्प. आजी अर्थातच विरोधात, आणि त्यांच्या सांगण्यावरून 'या खर्चापेक्षा शेळ्या घ्याव्यात असे मत नोंदवले' हे वाक्य इतिवृत्तात लिहिलं गेलं. मला ते फार आवडलं. वर्षभराने हिशेब मांडू तेव्हा ते वाक्य समोर असेल.

सचिवबाई, अध्यक्षबाई आणि मी अशा तिघी नागपूरला गेलो. आठव्या पिढीचा, चौदा इंची, टाइप-सी पिनचा लॅपटॉप साडेअठरा हजारांना घेतला. जुन्या यंत्राची बॅटरी थकलेली असते, म्हणून ती बदलून मागितली. दुकानात बसूनच अर्धा तास बिनचार्जरचा चालवला, प्रत्येक बटण दाबून पाहिलं, बिजागरी दहा वेळा उघडझाप केली. दुकानदार वैतागला, वैतागू दे. बिल गटाच्या नावाने, यंत्राचा नंबर घालून, सहा महिन्यांची वॉरंटी लेखी घेतली.

आता तो सचिवबाईंच्या घरी लोखंडी पेटीत असतो. वापराची वही केली आहे: कोणी, कधी, कशासाठी. गटाबाहेरच्या बाईला अर्ज भरून हवा असेल तर तीस रुपये, ते पैसे गटात. हिशेबाची एक प्रत दर शनिवारी पेन ड्राइव्हवर काढून अध्यक्षबाईंच्या घरी जाते.

काळजी आहे ती मे महिन्याची. बहुतेक लॅपटॉप पस्तीस अंश तापमानापर्यंत वापरायचे म्हणून बनवलेले असतात, आणि आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसला टेकतो. उष्णतेने बॅटरीचं आयुष्य झपाट्याने उतरतं. म्हणून उन्हाळ्यात काम सकाळी सहा ते नऊ, मातीच्या भिंतीच्या खोलीत, लॅपटॉप गोधडीवर न ठेवता फळीवर, आणि पेटी पत्र्याच्या छपराखाली ठेवायची नाही, असं ठरलं आहे. मोहफुलं वेचायच्या दिवसांत सकाळी कोणीच मोकळी नसते, तेव्हा काय करायचं, ते पुढच्या बैठकीत ठरेल.